सायमन-गार्फंकेलचा कोणता लाइव्ह अल्बम घ्यावा? (दोन गळे, एक गिटार)

वारजेकर:
आम्ही दोघं गातो, गिटार एकच, बाकी साथ नाही. दोन आवाज जुळवायला शिकायचं म्हणून पॉल सायमन आणि आर्ट गार्फंकेल या अमेरिकन गायक जोडीचा लाइव्ह अल्बम घ्यायचाय. जो तो 'द कॉन्सर्ट इन सेंट्रल पार्क' सुचवतो. तोच घेऊ का? आणि वरचा सूर धरणारा दर कडव्यात घसरून मूळ चालीवरच येतो, त्यावर उपाय काय?

मंद्रसप्तक:
ऐकायला सेंट्रल पार्क उत्तमच, पण या कामाला नाही. 19 सप्टेंबर 1981 चा तो कार्यक्रम, मागे भरगच्च बँड: स्टीव्ह गॅड आणि ग्रेडी टेट असे दोन ड्रमर, कीबोर्डवर रिचर्ड टी, शिवाय ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले. गार्फंकेलला दोघंच आणि एक गिटार एवढंच हवं होतं, पण हाताच्या दुखण्यामुळे सायमनला इतका वेळ गिटार झेपणार नव्हती.

तुम्ही 'लाइव्ह फ्रॉम न्यू यॉर्क सिटी, 1967' घ्या. लिंकन सेंटरच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये 22 जानेवारी 1967 ला रेकॉर्ड झाला, बाजारात आला थेट 2002 मध्ये. दोन गळे, एक गिटार, बस्स.

तिसरा_पडदा:
सेंट्रल पार्क इतका मोडीत काढू नका. त्यातलं 'वेक अप लिटल सूझी' (मूळ एव्हर्ली ब्रदर्स, 1957) हा तिसऱ्या सुराच्या हार्मनीचा सोपा धडा आहे. चाल सा वर तर वरचा आवाज ग वर, चाल रे वर तर वरचा आवाज म वर. गोची होते ती चाल प वर थांबते तेव्हा. नियमाने वर नि येतो आणि सा-ग-प च्या कॉर्डवर तो खुपतो. तिथे नि सोडून वरचा सा घ्या. घसरणारे बहुतेक याच जागी घसरतात, कारण कानाला नि पटत नाही आणि दुसरी जागा ठरवलेली नसते.

वरच्याने आपली ओळ वेगळं गाणं म्हणून बसवायची. आधी पेटीवर, मग नुसत्या गिटारवर, चाल गाणाऱ्याने तोवर गप्प बसायचं. ओळीच्या शेवटचा 'स' दोघांपैकी एकानेच उच्चारा, नाहीतर माइकमध्ये दोन फुसकारे ऐकू येतात.

वारजेकर:
'साउंड ऑफ सायलेन्स'ला कॅपो (दांडीवर सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) कुठे?

मंद्रसप्तक:
मूळ रेकॉर्डवर सहाव्या फ्रेटवर (दांडीवरच्या पडद्यावर), बोटं ए मायनरच्या आकारात, म्हणजे प्रत्यक्षात डी शार्प मायनर. गळ्याला उंच पडलं तर कॅपो तिसऱ्यावर आणा, आकार तेच. कॅपो फ्रेटला चिकटून मागे लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर जुळवा. इतक्या वर तो तारा ओढून किंचित चढवतो, आणि गाणारा त्या चढ्या सुराच्या मागे जातो.

तिसरा_पडदा:
जाता जाता: सेंट्रल पार्कच्या चित्रफितीत 'द लेट ग्रेट जॉनी एस' आहे, अल्बममध्ये नाही. बीटल्सच्या जॉन लेननच्या खुनाचा उल्लेख असलेलं ते गाणं चालू असतानाच एक माणूस मंचावर घुसला होता. म्हणून चित्रफीतही बघा. सायमनचा उजवा हात नीट दिसतो, अंगठा खर्जाच्या तारा कसा धरतो ते नुसतं ऐकून कळत नाही.