बॅरन्स म्हणजे नुसत्या टिपा नव्हेत
कुणीतरी म्हटलंय की गुंतवणुकीची साप्ताहिकं म्हणजे नुसत्या कुठला शेअर घ्यावा ह्याच्या टिपा, पण अमेरिकेतल्या बॅरन्स साप्ताहिकाला तरी त्यात धरू नका राव. क्लॅरेन्स बॅरनने १९२१ ला काढलं ते, आणि त्याच्या आदल्याच वर्षी बॉस्टनमधे पाँझीच्या स्कीमचं (नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना परतावा देण्याची फसवणूक) गणित जुळत नाही हे ह्याच माणसाने जाहीर सांगितलेलं. तोच संशयी स्वभाव अंकात उतरलाय, मार्च २००० मधे डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सच्या तेजीचा, धुरळा उडत असताना ह्यांनी २०० च्या वर इंटरनेट कंपन्यांचा हिशोब मांडला, कोणाची कॅश कधी संपणार ते! मे २००१ मधे लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या न्यूयॉर्कच्या बर्नी मेडॉफच्या कमालीच्या नियमित रिटर्न्सवर शंका घेतली, तो फसवणुकीत पकडला गेला डिसेंबर २००८ ला. बॅरन्सने सुचवलेल्या शेअर्सच्या मागे मात्र मी जात नाही, अंक येतो शनिवारी आणि सोमवारी आपण घेईपर्यंत भाव चढलेला असतो.