उशीर चालेल, खोटी वेळ नको

खिडकीपाशी:
लाईट जाते याचा मला फारसा राग येत नाही. तारा आहेत, झाडं आहेत, वारा-पाऊस आहे, जाणारच. पार्सल दोन दिवस उशिरा आलं म्हणूनही आभाळ कोसळत नाही. डोकं फिरतं ते सांगितलेल्या वेळेमुळे. 'अर्ध्या तासात येईल' असं फोनवर सांगतात, तो अर्धा तास संपला की पुन्हा तेच. पार्सलचं तर विचारूच नका. सकाळी 'आज पोहोचेल', संध्याकाळी 'उद्या पोहोचेल', आणि मधला सगळा दिवस घरातलं एक माणूस दाराला बांधलेलं. आंघोळीला जायचं तरी फोन बाथरूमच्या उंबऱ्यावर ठेवून. सरळ 'आज जमणार नाही' म्हटलं असतं तर कामं उरकून आलो असतो. वेळ ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असंच सांगावं, आणि ते सक्तीचं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटतंय का?

फेज_गेली:
नाही पटत. मी वीजवितरणात लाईनवर काम केलंय, म्हणून सांगतो. 'ठाऊक नाही' म्हटलं की पलीकडून लगेच येतं, 'मग तिथे बसलात कशाला?'

फीडर, म्हणजे उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणारी लाईन, ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की फॉल्ट, म्हणजे बिघाड, नेमका कुठे आहे ते कुणालाच दिसत नसतं. वरून जाणारी लाईन असेल तर टॉर्च मारत एकेक खांब बघत जायचं. फांदी टेकलीय का, इन्सुलेटर फुटलाय का, पक्षी अडकलाय का. जमिनीखालची केबल असेल तर आणखी मजा. एका टोकातून विजेचा ठोका सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, मग त्या पट्ट्यात यंत्र फिरवत 'धप्प' आवाज कुठून येतो ते ऐकायचं, आणि मग खणायचं. फॉल्ट सापडला की वेळ बऱ्यापैकी सांगता येते. त्याआधी ब्रह्मदेवालाही येत नाही.

आणि लाईट पूर्ण जायच्या आधी दोन-तीनदा येते-जाते, त्यावरून आम्हाला शिव्या बसतात. ते कुणी गंमत म्हणून करत नाही. रिक्लोजर नावाचं उपकरण लाईन पुन्हा जोडून बघतं, कारण फांदी नुसती घासून गेली असेल तर फॉल्ट आपोआप गेलेला असतो. नसेल गेला तर ते लाईन तोडून ठेवतं, आणि आमची पायपीट सुरू.

खिडकीपाशी:
@फेज_गेली, मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की. फॉल्ट सापडेपर्यंत वेळ सांगता येत नाही ना? मग तोपर्यंत 'शोधतोय' म्हणा. 'अर्धा तास' कुठून काढता?

जिन्याखाली:
एवढं लिहिण्याच्या वेळात इन्व्हर्टर बसवून झाला असता. रडगाणं बंद करा, आपली सोय आपण बघा.

मेणबत्ती:
@जिन्याखाली, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात. लिफ्ट आणि पाण्याचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर चालवून दाखवा. लेड-ॲसिड बॅटरी रोज तळापर्यंत उतरवलीत तर ती लवकरच मान टाकते, आणि नीट चार्ज व्हायलाही आधी लाईटच लागते. शिवाय ज्याच्या घरी इन्व्हर्टर आला, त्याचा तक्रारीचा फोन थांबला. उरलेल्यांचा आवाज तेवढा बारीक होतो.

जिन्याखाली:
मी फोन केल्यामुळे लाईट लवकर आल्याचं आजवर पाहिलं नाही. फक्त राउटरला छोटा यूपीएस लावलात तरी अर्धी चिडचिड कमी होईल. बघा करून.

आकडेमोड:
मुळात वेळेचा अंदाज म्हणजे वचन नव्हे. मधला अंदाज सांगितला तर निम्मी पार्सलं त्यानंतरच येणार, हे गणितच आहे. कंपनीने '४ ते ८ च्या दरम्यान' सांगितलं तरी ग्राहक ४ च वाचतो आणि सव्वाचारला फोन लावतो. खोटेपणा दोन्ही बाजूंना आहे.

मात्र धागाकर्त्याच्या एका मुद्द्याला आधार आहे. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला होता. किती थांबायचंय हे माहीत नसलं की थांबणं जास्त लांब वाटतं, आणि कारण सांगितलं नाही तर आणखीच, असं त्यांचं म्हणणं.

जाता जाता: आयट्रिपलई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकात ५ मिनिटांपर्यंतची वीज जाणं 'क्षणिक' धरतात. वर्षाला सरासरी किती वेळ वीज नव्हती, या हिशेबात ते येत नाही. तुमचा कॉम्प्युटर दिवसातून चारदा बंद पडला तरी कागदावर वीज अखंड.

थैलीवाला:
मी पार्सलं पोहोचवतो, तेव्हा आमची बाजूही ऐका. नकाशावर दिसतं तिथेच पार्सल असतं असं नाही. बारकोड स्कॅन झाला की नोंद बदलते. दोन स्कॅनच्या मधे ते कुठे पडलंय ते मलाही दिसत नाही. 'ग्राहक उपलब्ध नाही' या शेऱ्यावर सगळे भडकतात. आमच्याकडे संध्याकाळी थैलीतलं प्रत्येक पार्सल कुठल्या तरी शेऱ्यावर बंद करावं लागतं, आणि 'वेळ पुरला नाही' असा शेरा त्या यादीत नाहीच.

लाईट गेलेल्या भागात तर बोलायलाच नको. बेल वाजत नाही. लिफ्ट बंद. जिन्यात काळोख, थैली पाठीवर. वर पोहोचलो तर मोबाईल टॉवरची बॅटरी संपलेली, म्हणजे ओटीपी येत नाही. आतलं माणूस बेलची वाट बघतंय, मी बाहेर दार ठोकतोय, आणि पार्सल परत.

मेणबत्ती:
@थैलीवाला, तुमचा राग नाही, त्या यादीचा आहे. ती यादी करणाऱ्याने एकदा दिवसभर दाराशी बसून बघावं. वर 'घरातलं एक माणूस' लिहिलंय ना, ते माणूस बहुतेक घरांत ठरलेलं असतं. 'तू घरीच तर असतेस.' तिचा दिवस कुणाच्याच हिशेबात नाही.

जिन्याखाली:
आता यात बायका-पुरुष कशाला आणता? आमच्या घरी मीच थांबतो.

मेणबत्ती:
उत्तम. मग 'रडगाणं' हा शब्द मागे घ्या.

उशापाशी:
आमच्या घरी वडील ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. त्याला वीज लागते. लाईट गेली की सिलिंडर लावतो, आणि एक सिलिंडर किती वेळ पुरेल ते ऑक्सिजनच्या प्रवाहावर ठरतं. 'अर्धा तास' ऐकला की आम्ही घरीच थांबतो. 'रात्रभर' ऐकलं असतं तर लगेच हलवलं असतं. सांगितलेल्या वेळेवर माणूस निर्णय घेतो हो. इतरांचंही तेच. दार न उघडता फ्रीज साधारण ४ तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८, अर्धा भरलेला २४. आता काढायचं की राहू द्यायचं, हे वेळ कळल्याशिवाय कसं ठरवणार?

फेज_गेली:
@उशापाशी, तुमच्यासारख्या घरांची नोंद आधी करून ठेवायची सोय काही ठिकाणी असते. तुमच्याकडे आहे का ते विचारून घ्या. नसली तरी फोन लावताच पहिलं वाक्य हेच सांगा. तिथे मी 'ठाऊक नाही, माणूस हलवा' असंच सांगेन.

पण मॅच बुडते म्हणून पाच-पाच मिनिटांनी फोन करणाऱ्याला अर्धा तासच सांगणार. त्याशिवाय तो लाईन सोडत नाही, आणि मागे तुमचा फोन अडकतो.

खिडकीपाशी:
म्हणजे खरं कुणाला सांगायचं हे तुम्ही आवाजावरून ठरवणार?

फेज_गेली:
त्या खुर्चीत एक रात्र बसा, तुम्हीही ठरवाल.