अपघातानंतर बसलेला धसका: नाशिकमध्ये योग्य थेरपिस्ट कसा ओळखायचा?

गंगापूररोडकर:
धाकट्या बहिणीचा (वय २९) आठ महिन्यांपूर्वी महामार्गावर अपघात झाला. जखमा भरल्या, पण ट्रकचा हॉर्न वाजला की जीव घाबरा होतो, रात्री दोन-तीनला दचकून उठते, महामार्गावरचा द्वारका चौक टाळायला रिक्षा लांबून न्यायला लावते. एका ठिकाणी दोनदा गेलो. पहिल्याच तासाला अख्खा अपघात सांगायला लावला, दुसऱ्या वेळी ‘सकारात्मक विचार करा’. आता ती कुठेच यायला तयार नाही. ‘काउन्सेलर’च्या पाट्या तर कॉलेज रोडवर गल्लोगल्ली. माणूस पारखायचा कसा? गोळ्या लागतील का? महिन्याला चार हजारांपुढे झेपणार नाही.

निंबोणी:
पाटीवरच्या शब्दाला भुलू नका. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम (पदविका) झालेले डॉक्टर. गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक सरळ मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. क्रमांक विचारल्यावर कुणी चिडलं, तर तिथेच समजून जा. काउन्सेलर हा शब्द मात्र एमए झालेलाही लावतो आणि तीन महिन्यांचा कोर्स केलेलाही. चांगले काउन्सेलर आहेत, पण इथे नुसतं चांगलं ऐकून घेणं पुरत नाही.

आधी फोनवर दहा मिनिटं मागा आणि तीनच गोष्टी विचारा. अशा मानसिक आघातासाठी नेमकी कोणती पद्धत वापरता? त्याचं पूर्ण प्रशिक्षण झालंय की एका रविवारची कार्यशाळा? पहिल्या तीन बैठकांत काय करणार? ‘पेशंट बघून ठरवू, सगळंच थोडं थोडं वापरतो’ असं उत्तर आलं, तर पुढचा नंबर लावा. आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी), सीपीटी, प्रोलाँग्ड एक्स्पोजर, ईएमडीआर यांपैकी एखादं नाव आणि त्याचे टप्पे ऐकू आले पाहिजेत.

धुकं_ओसरतं:
पहिल्या ठिकाणी काय बिघडलं ते समजून घ्या, म्हणजे बहिणीलाही सांगता येईल की दोष तिचा नव्हता. अपघाताबद्दल बोलावं लागतंच, पण क्रम असतो. आधी लक्षणांची नोंद, झोप, दारू-औषधं, जिवाला धोका आहे का हे बघणं. मग अंग शांत करायची साधनं: पाय जमिनीला टेकवून दाब जाणवून घेणं, दिसणाऱ्या पाच वस्तू, ऐकू येणारे तीन आवाज मोजणं, लांब श्वास सोडणं. ती हाताशी आल्यावरच आठवणीला हात. उलट केलं की माणूस दोन-तीन रात्री झोपत नाही आणि पुन्हा फिरकत नाही. अगदी हेच झालंय.

ईएमडीआरमध्ये डोळ्यांसमोर बोटं डावी-उजवीकडे फिरतात, काही सेकंदांची फेरी झाली की थांबून ‘आता काय जाणवतंय?’ एवढंच विचारतात. त्रास ० ते १० मध्ये किती, तेही अधूनमधून. अपघात तपशिलात सांगावा लागत नाही, त्यामुळे बोलायला न धजणाऱ्यांना हे सोपं जातं. सीपीटी साधारण १२ बैठकांची. तिच्यात ‘मीच हळू चालवायला हवी होती’ अशा अडकलेल्या विचारांवर लेखी काम असतं. प्रोलाँग्ड एक्स्पोजर ८ ते १५ बैठका, बहुधा ९० मिनिटांच्या. त्यात आठवणीला आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचं असतं. द्वारका चौक तिथे टप्प्याटप्प्याने येईल: आधी दुपारी शांत वेळी कुणाबरोबर, मग गर्दीत, मग एकटी. लांबून रिक्षा वळवणं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणूनच भीती टिकते. पण आत्ता तिला ओढत नेऊ नका हं.

बैठकीनंतर एक-दोन दिवस जड जाणं ठीक. सलग दोन आठवडे झोप आणखी बिघडत असेल तर वेग कमी करायला सांगा. सहा बैठकांनंतरही ठोस उद्दिष्ट, मोजमाप काहीच नसेल तर बदला.

गंगापूररोडकर:
आणि गोळ्या? घरचे म्हणतात सवय लागेल.

निंबोणी:
दोन प्रकार वेगळे ठेवा. सर्ट्रालिनसारख्या एसएसआरआय (नैराश्य-चिंतेवरच्या) गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढू शकते आणि लोक तिथेच सोडतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच. सवयीची भीती खरी आहे ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची. मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची’ म्हणून आणलेली असेल तर आधीच सांगा. रोज घेत असेल तर अचानक बंद करू नका, त्रास उसळतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. धडधड त्यानेही होते.

त्र्यंबकनाका:
पैशांचं बोलतो. जिल्हा रुग्णालयातल्या (सिव्हिल) मानसोपचार ओपीडीत निदान आणि गोळ्या स्वस्तात होतात. गर्दीमुळे तासभराची थेरपी तिथे मिळेलच असं धरू नका. म्हणून निदान तिकडे आणि थेरपी खासगीत, अशी विभागणी करा. चार हजारांत आठवड्याला एक बैठक तीन महिने बसत असेल, तर पंधरवड्याला एक सहा महिने यापेक्षा ती बरी. मधे मोठा खंड पडला की दर वेळी मागचंच उगाळण्यात वेळ जातो. सवलतीचा दर आहे का, हे फोनवरच विचारा.

नाशिक तसं गावच. थेरपिस्ट नात्यातला, सोसायटीतला किंवा तिच्या ऑफिसातल्या कुणाचा ओळखीचा नको. ऑनलाइन चालतं, पण सिडकोतल्या दोन खोल्यांत हेडफोन लावला तरी तिचं अर्धं बोलणं घरात ऐकू जातं. पार्क केलेली गाडीही नको, अपघात गाडीचाच आहे. शेजारची रिकामी खोली, गच्ची, नाहीतर प्रत्यक्ष जाणं. भाषाही विचारा. ‘छातीत धस्स झालं’ याला इंग्रजी शोधत बसायला लागलं, तर तास वाया.

पहिल्या भेटीला दारापर्यंत जा, आत जाऊ नका. ‘मी कुठल्या तरी ट्रकखाली गेले असते तर बरं’ असं काही बोलली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सिव्हिल गाठा आणि तिला एकटीला सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.