जुनाट आजारांसाठी चिनी वैद्यक: तुम्ही घ्याल का?

अळूवडी (धागाकर्ती)
सिंगापूरला राहायला आल्यापासून बघतेय. इथली चिनी मंडळी साखरेची आणि प्रेशरची गोळी पॉलिक्लिनिकमधून आणतात आणि त्याच आठवड्यात चिनी वैद्याकडेही जाऊन येतात. दोन दगडांवर पाय वगैरे काही त्यांना वाटत नाही. आमच्या मजल्यावरच्या आजींबरोबर मी एकदा गेले होते. आजींची साखर जुनी आणि गुडघे बोलायला लागलेले. वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. जीभ बाहेर काढायला लावली, तिच्या कडेला दातांचे वण आहेत का ते बघितलं. झोप, शौचाला होतं का, पाय गार पडतात का, सगळं विचारलं. आणि मग आधीच्या गोळ्यांची यादी मागितली. इथे 2000 साली कायदा झाला, त्यामुळे नोंदणी असल्याशिवाय वैद्यकी करता येत नाही, आणि या वैद्यांना अ‍ॅलोपथीची औषधं लिहून देण्याची मुभा नाही.

माझं म्हणणं एवढंच की मधुमेह, प्रेशर, सांधेदुखी हे जन्माचे सोबती. त्यांच्यासाठी रोजचं खाणं, झोप, व्यायाम, ऋतू बघून माणसाला सांभाळणारी पद्धत हवी, आणि ती चिन्यांकडे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइचिंग' ग्रंथात म्हटलंय की रोग झाल्यावर औषध देणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. अगदी आपल्याच आजीने म्हणावं तसं! तरी आपले लोक ती दुकानं बघून नाक मुरडतात. का?

मूत्रपिंडे
नाक मुरडत नाही, घाबरतो. माझं काम किडनीचं आहे म्हणून सांगतो. 1990 च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात. त्यांच्या किडन्या भराभर निकामी व्हायला लागल्या. 1993 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढे असे शंभराहून जास्त रुग्ण सापडले. झालं होतं काय, तर 'फांगजी' नावाच्या मुळीऐवजी 'ग्वांग फांगजी' आलं होतं. नावात साम्य, वनस्पती वेगळी. तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने किडनी तर जातेच, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. पुढे यातल्या 39 जणींच्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तर 18 जणींमध्ये कर्करोग निघाला.

आपली ईश्वरी ही औषधी वनस्पतीही याच कुळातली बरं का. तेव्हा हे फक्त चिन्यांपुरतं समजू नका.

अळूवडी
डॉक्टर, तो चिनी वैद्य नव्हताच! युरोपातला वजन घटवायचा कारखाना तो. त्याच रुग्णांना भूक मारायची अ‍ॅलोपथी औषधंही देत होते. त्यात परंपरा कुठे आली?

मूत्रपिंडे
मग तैवान घ्या. तिथे रीतसर शिकलेले वैद्य, रीतसर विमा. 1997 ते 2003 या काळात विम्याच्या नोंदींप्रमाणे तिथल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना हे आम्ल असलेली औषधं लिहून दिली गेली होती. 2003 मध्ये बंदी आली. मूत्रमार्गाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये त्या आम्लाचे ठसे तिथे आजही सापडतात. हा विषाचा परिणाम चार दिवसांत दिसत नाही, वर्षं जातात. नाडीवर बोटं ठेवून कुणाला कळणार होतं? 'हजार वर्षं लोक घेताहेत' या युक्तिवादातली गोम इथेच आहे. आज खाल्लं आणि दहा वर्षांनी किडनी गेली, तर त्या दोन गोष्टींचा संबंध परंपरेने जोडायचा कसा?

पेठेतला
वाचतोय. चहा ठेवलाय.

आकडेमोड्या
दोन्ही बाजूंना न आवडणारं बोलतो.

2023 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चीनमधली एक चाचणी आली. हृदयविकाराच्या झटक्याचे 3,797 रुग्ण. नेहमीच्या उपचारांबरोबर निम्म्यांना 'तोंगशिनलुओ' कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. महिनाभरात मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात वगैरे धरून 3.4 टक्के विरुद्ध 5.2 टक्के. त्या कॅप्सूलमध्ये जळू, विंचू, गोम असं सगळं आहे. दुसरी चाचणी हृदय कमजोर झालेल्यांवर, म्हणजे खऱ्या अर्थाने जुनाट आजार. 3,110 रुग्ण, 'चिलीचिआंगशिन' नावाची कॅप्सूल. हृदयामुळे मृत्यू किंवा पुन्हा दवाखान्यात भरती हे सुमारे 30 टक्क्यांवरून 25 वर आलं. म्हणजे 'सगळं थोतांड' असं म्हणायची सोय गेली.

पण अळूवडीताई, यात जीभ, नाडी, गार पाय काही नाही. सगळ्यांना एकच कॅप्सूल. म्हणजे सिद्ध झालंच असेल तर ते औषध, वैद्यबाईंची पद्धत नव्हे. दोन्ही कॅप्सूल एकाच कंपनीच्या आहेत. दुसऱ्या देशात, दुसऱ्या कुणी हेच करून दाखवेपर्यंत मी कुंपणावर.

सुईदोरा
सुयांचं काय मग? माझ्या सासूबाईंची कंबर अ‍ॅक्युपंक्चरनेच हलकी झाली.

आकडेमोड्या
जर्मनीत हे तपासलंय, 2007. जुनाट कंबरदुखीचे 1,162 रुग्ण. योग्य जागी सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना. नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4. आता बोला! सुई उपयोगी आहे, पण कुठे टोचली याने फारसं अडलं नाही. सासूबाईंना बरं वाटलं हे खरंच आहे, ते कुणी नाकारत नाहीये.

सोलापूरकर
अवांतर: अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं की आमच्याकडे लगेच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढतात. कोटणीस शल्यचिकित्सक होते, 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिकडेच वारले. चीनमध्ये जाऊन सुया शिकून आले ते त्याच पथकातले डॉ. बसू, तेही 1950 च्या दशकाच्या शेवटी. त्यांनी ही विद्या कोलकात्यात रुजवली. अवांतर समाप्त.

गुळवेल
मी आयुर्वेदाची पदवीधर. डॉक्टरांचा सूर पटत नाही. तुम्ही एक विषारी वनस्पती दाखवून अख्खं शास्त्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता. मधुमेहात चिनी वैद्य 'हुआंगल्येन' वापरतात. त्यात बर्बेरीन असतं, तेच आपल्या दारूहळदीत असतं, आणि प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांत, दारूहळद आम्हीही वापरतो. समुद्रसपाटीपासून हिमालयापर्यंत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या झाडांत तोच कडू पिवळा पदार्थ साखरेसाठी शोधून काढावा, याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणायचं का? बर्बेरीनने साखर उतरते हे आधुनिक चाचण्यांतही दिसलंय.

मूत्रपिंडे
उतरते, मान्य. आणि त्याच बर्बेरीनवर अळूवडीताईंच्या सिंगापूरमध्ये 1978 पासून कितीतरी वर्षं बंदी होती, नवजात बाळांच्या काविळीच्या भीतीने. गुण आहे तिथे अवगुणही असणार. माझा राग वनस्पतीवर नाही, 'नैसर्गिक आहे, त्रास होत नाही' या वाक्यावर आहे. ज्येष्ठमध घ्या. चिनी काढ्यांत ते जवळजवळ मिठासारखं पडतं. रोज घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं. प्रेशरचाच पेशंट प्रेशर वाढवणारा काढा पितोय!

पेठेतला
चीनमध्ये मधुमेहासाठी 'शिआओके' गोळ्या मिळतात. सात-आठ पारंपरिक गोष्टी आणि बरोबर ग्लिबेनक्लामाइड. हो, तीच साखरेची अ‍ॅलोपथी गोळी. लपवाछपवी नाही, वेष्टनावर लिहिलेलं असतं. मग गुण कुणाचा आला म्हणायचं? माओने चिनी वैद्यकाला 'मोठा खजिना' म्हटलं. स्वतः मात्र त्याच्या वाटेला जात नसे, असं त्याच्या खासगी डॉक्टरने लिहून ठेवलंय.

गुळवेल
आणि चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांचं 2015 चं नोबेल? तेही थोतांड?

आकडेमोड्या
ते मलेरियाचं, जुनाट आजारांचं नव्हे. पण मुद्दा घ्यावा असा आहे. चौथ्या शतकातल्या ग हाँग या चिनी वैद्याच्या पुस्तकात होतं की छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्या. उकळा असं नव्हतं. त्यावरून तू योयोंना सुचलं की उष्णतेने गुण जात असावा, मग त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. सूत्र ग्रंथातलं आणि निवाडा प्रयोगशाळेतला. जुनाट आजारांच्या औषधांनाही हीच वाट धरू दे, माझी ना नाही.

रानवाटा
माणसांच्या किडन्यांचं चाललंय तेवढ्यात जनावरांचंही घ्या. आमच्या कोकणात खवले मांजराची चोरटी शिकार होते आणि खवल्यांची वाट पूर्वेकडेच जाते. 2020 मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले. तरी कातकऱ्याला चार पैसे देऊन जनावर पकडून घेणारे दलाल गावात येतातच. नखं असतात तसेच ते खवले, केराटिन. कुणाचा संधिवात बरा होणार त्याने?

अळूवडी
रानवाटा, याच्याशी शंभर टक्के सहमत, यात वादच नाही.

पण सगळ्यांनी औषधावरच जोर धरलाय. मी 'सांभाळणारी पद्धत' म्हणाले होते. ताईचीवर, म्हणजे त्या संथ हालचालींच्या चिनी व्यायामावर, कुणी बोललंच नाही. बॉस्टनमध्ये 2016 साली गुडघेदुखीच्या 204 रुग्णांवर पाहिलं, तर ताईचीचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला. बीजिंगमध्ये प्रेशर वाढायच्या उंबरठ्यावरच्या 342 जणांवर वर्षभर पाहिलं, 2024 ला आलंय. ताईचीवाल्यांचं वरचं प्रेशर सातने उतरलं, चालणं-धावणं-सायकलवाल्यांचं साडेचारने. किडनीला धक्का नाही, खवले मांजर सुखरूप.

मूत्रपिंडे
ताईची आनंदाने लिहून देईन. तो व्यायाम आहे, त्याला 'ची' नावाची ऊर्जा वाहते असं मानायची अट नाही.

अळूवडी
आजींना ती अट वाटत नाही, त्यांना ती मजा वाटते. म्हणून त्या रोज पहाटे खाली उतरतात. तुम्ही लिहून दिलेलं चालणं तुमचे किती पेशंट करतात हो?

सुईदोरा
वादात शिरत नाही, एक विचारते. आईची हृदयाची झडप बदललीय, वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. सिंगापूरहून मावशीने 'डानशेन' हे चिनी वनस्पतीचं औषध पाठवलंय, हृदयाला चांगलं म्हणून. देऊ का?

मूत्रपिंडे
अजिबात नको. डानशेनने वॉरफेरिनचा जोर वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. आधीच दिलं असेल तर आजच आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करून घ्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना नाव कळवा. डबीचा फोटो काढून ठेवा.

गुळवेल
सुईदोरा, डॉक्टरांचं ऐका. आम्हीही नाहीच म्हटलं असतं.

सुईदोरा
एक पुडी दिली होती काल. चाललेच आहे लॅबला.