मदत हवी आहे: शाळेतल्या खताच्या ड्रमला वास येतोय

सातवी_ब
पर्यावरण प्रकल्पासाठी शाळेत ओल्या कचऱ्याचा ड्रम ठेवलाय. मुलं रोज कचरा टाकतात. आता भयंकर वास, अळ्याही झाल्यात. मुख्याध्यापक म्हणतात, शुक्रवारपर्यंत सुधारा नाहीतर उचला. खत लवकर व्हावं म्हणून मिळणारं जिवाणूंचं कल्चर टाकून फरक नाही. दुसरं कुठलं चांगलं आहे? लवकर सांगा.

पालापाचोळा
ड्रमला भोकं आहेत का? आत काय जातं? कोरडं काय मिसळता? वास अमोनियाचा की कुजक्या अंड्यांचा?

सातवी_ब
निळा 200 लिटरचा, झाकणवाला. पोषण आहारातली उरलेली खिचडी, आमटी, सालं. कोरडं काही नाही. अंड्यांचा. कल्चरचं नाव सांगा ना.

गांडूळमित्र
कल्चर सोडा, गांडुळं आणा. किलोभर पुरतील.

पालापाचोळा
त्यात गांडुळं मरतील. त्यांना 35 अंशांच्या वर सोसत नाही, मीठ-मसालाही नाही. आधी खत अर्धवट होऊ द्या, मग गांडुळं.

सातवी_ब, अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही. खिचडी चिकटून गोळा होते, आमटी तळाशी साचते. कल्चर कुठलंही घाला, हवेवर जगणारे जिवाणू तिथे टिकणार नाहीत. मोठ्यांनी हातमोजे घालून उघड्यावर ड्रम रिकामा करा. तळाला आणि बाजूंना वीतभर अंतरावर 8-10 मिमीची भोकं पाडा, बाहेरून मच्छरजाळी लावा. ड्रम विटांवर ठेवा, खाली घमेलं. तळाशी वीतभर काटक्या. मग एक बादली ओल्याला दोन बादल्या वाळका पाला. आमटी गाळूनच टाका. मिश्रण मुठीत दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर आणखी पाला. दर 3-4 दिवसांनी खालवर करा आणि वर कायम चार बोटं पाला राहू द्या, म्हणजे माश्यांना अंडी घालायला उघडं अन्न मिळत नाही.

लाकूडकाम
पाला नसेल तर भुसा चालेल. प्लायवूडचा मात्र नको, त्यात डिंक असतो.

भंगारवेडा
खतात कशाला अडकता? मुलांना कोरडा कचरा शिकवा. बाटलीच्या बुडाशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोणातला आकडा असतो: 1, 2, 5 भंगारवाला सहसा घेतो. चिप्सची पाकिटं बहुपदरी, ती तो घेत नाही.

पालापाचोळा
चांगला विषय, पण वेगळा धागा काढा. इथे ड्रम शुक्रवारी जातोय.

प्रयोगवही
ड्रम गुपचूप दुरुस्त करू नका. हा वासच धडा आहे. दोन सारख्या बादल्या घ्या: एक भोकांची, पाला घातलेली, दुसरी बंद, नुसत्या खिचडीची. दुसरी वर्गाबाहेर ठेवा. मुलांनी रोज वजन, मधलं तापमान आणि वास लिहावा. पालेवाली तापेल, मात्र बादलीएवढा ढीग उष्णता धरत नाही, त्यामुळे पुस्तकातले 55 अंश दिसले नाहीत तरी प्रयोग फसला असं सांगू नका. महत्त्वाचं म्हणजे, उरलेली खिचडी रोज वेगळी मोजा. आकडा फळ्यावर लागला की किती शिजवायचं, हा प्रश्न मुलंच विचारतील. खतापेक्षा मोलाचं ते.

सातवी_ब
पाला मैदानात भरपूर आहे, आज भोकं पाडतो. अळ्यांचं काय? मे महिन्यात कोण बघणार?

पालापाचोळा
चपट्या, करड्या असतील तर ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. कचराच खातात, राहू द्या. पांढऱ्या, टोकदार असतील तर घरमाशीच्या, पाल्याखाली दाबा. सुट्टीआधी 3-4 आठवडे नवीन कचरा बंद, शेवटी एकदा खालवर करून ओलावा बघा. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी शिपाईमामांना सांगून ठेवा.