आडदांड कुत्र्यापुढे मालकाने मालकासारखे वागावे की नाही?

केळीमळा, रावेर

आमच्या मळ्यावर दहा महिन्यांचा रॉटवायलर जातीचा नर आहे, भीमा. अलीकडे त्याला हाक मारली की तो मान वळवून माझ्याकडे पाहतो आणि यायचे की नाही हे स्वतः ठरवतो. फाटक उघडले की सर्वांच्या आधी तो बाहेर पडतो, आणि केळीची गाडी भरायला आलेल्या मजुरांच्या अंगावर धावून जाण्याची सवयही त्याला लागू पाहत आहे. या निमित्ताने माझे मत मांडतो. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी अवश्य विरोध करावा.

अशा दांडग्या कुत्र्याला शांत पण ठाम म्होरक्या लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आरडाओरडा करणारा माणूस त्याला म्होरक्या वाटत नाही, काठी उगारणारा तर मुळीच नाही. पण त्याच्या प्रत्येक हट्टापुढे मान तुकवून वर बिस्कीट देणारा माणूसही त्याच्या हिशेबी धनी नसतो. फाटकाला त्याने धडक दिली की फाटक बंद होते आणि तो मागे सरून खाली बसला की ते उघडते. जेवणाची थाळी तो बसल्याशिवाय जमिनीवर टेकत नाही. आज्ञा एकदाच द्यायची, आवाज चढवायचा नाही, आणि दिलेली आज्ञा पुरी होईपर्यंत जागेवरून हलायचे नाही, एवढीच माझी पद्धत आहे. जर्मनीतल्या रॉटवाइल या गावावरून या जातीला नाव पडले. तिथले खाटीक आणि गुरांचे व्यापारी या कुत्र्यांकडून गुरे हाकून घेत. अंगाने कितीतरी मोठ्या बैलाला न घाबरता रेटणे हे ज्याच्या रक्तात आहे, तो माणसालाही रेटून पाहणारच.

मला खटकते ती प्रत्येक गोष्टीला खाऊ देण्याची नवी पद्धत. खिशातला खाऊ संपला की तिथे आज्ञापालनही संपते. कुत्रा हा लांडग्याचा वंशज आहे, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, आणि घरात ती जागा माणसाने घेतली नाही तर कुत्रा ती घेतो, हे विसरून चालणार नाही.

तापीतीर, जळगाव

दादा, फाटकाची आणि थाळीची आपली पद्धत उत्तम आहे आणि तिच्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो तिच्यामागे आपण जे कारण देत आहात त्याच्याशी.

कळपात एक म्होरक्या असतो आणि तो दंडेलीने ती जागा मिळवतो, ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांमधून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधील बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाने १९७० साली लांडग्यांवरच्या आपल्या पुस्तकात तीच मांडणी पुढे नेली. पुढे त्यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे रानातल्या लांडग्यांजवळ काढले, आणि नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंब असते, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत, असे १९९९ साली लिहून आपले आधीचे मत मागे घेतले. एवढेच नव्हे, तर ते जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. ज्याच्या लिखाणाचा आधार लोक आजही घेतात, त्यानेच तो आधार काढून घेतलेला आहे.

कारण चुकले तरी पद्धत बरोबर असेल तर बिघडले कुठे, असे आपण विचाराल. बिघडते ते पुढच्या पायरीवर. भीमा गादी बळकावतो आहे असे एकदा मनात बसले की, तो गुरगुरला त्या दिवशी घरातला कोणीतरी त्याला उताणा पाडून दाबून धरतो, कारण आव्हान मोडून काढायचे असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याला असे उताणे दाबण्याचा प्रयोग केलेल्या मालकांपैकी ३१ टक्के लोकांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचे सांगितले होते. पन्नासेक किलोपर्यंत वाढणाऱ्या जातीच्या बाबतीत हा आकडा मला धडकी भरवतो.

शिवाय भीमाचे वय पाहा. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात असे दिसले की साधारण आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्याच पालकाचे कमी ऐकतात, अनोळखी माणसाचे मात्र ऐकतात. हे वयात येण्याचे लक्षण आहे, त्याला बंड समजू नये. आणि खाऊबद्दल म्हणाल, तर आपणही खाऊच देत आहात. भीमासाठी फाटक उघडणे हेच बिस्कीट आहे.

केळीमळा, रावेर

ताई, आपण दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु तिने माझाच मुद्दा पक्का होतो. कळप म्हणजे कुटुंब असेल, तर कुटुंबात आईबाप पुढे चालतात आणि पिल्ले मागून जातात, हे आपणही नाकारणार नाही. मी कुत्र्याला पाडून दाबण्याचे समर्थन कुठेही केलेले नाही. फाटक उघडणे हे बिस्कीट आहे हे मान्य केले, तरी ते कधी उघडायचे हे मी ठरवतो, आणि त्यालाच मी म्होरकेपण म्हणतो.

माळरान, साक्री

आपण दोघेही आज्ञेभोवती फिरत आहात, म्हणून तिसरी बाजू मांडतो. आमच्या भागात ठेलारी धनगरांचे वाडे मेंढरांसह फिरत असतात. त्यांच्या कुत्र्यांना 'बस' आणि 'ऊठ' कोणी शिकवलेले मला दिसलेले नाही. पिल्लू मेंढरांच्या अंगावर लोळत, थोराड कुत्र्यांच्या मागे मागे फिरत मोठे होते. कोकरांच्या मागे धावले तर दटावले जाते, आणि जनावराला तोंड लावणारा कुत्रा वाड्यावर टिकत नाही. रात्री लांडगा आला की मालकाच्या हुकमाची वाट न पाहता कुत्र्यालाच ठरवावे लागते. त्या ठरवण्यालाच घरात आपण हट्ट म्हणतो.

हट्ट मोडण्याच्या कल्पनेलाच माझा विरोध आहे, मग तो शांतपणे मोडा की खाऊ देऊन मोडा. गुरे हाकणाऱ्या जातीचा कुत्रा आणायचा, दिवसभर केळीच्या सावलीत रिकामा बसवायचा आणि संध्याकाळी गाडीवर धावून गेला की त्याला नेतृत्व दाखवायचे, हा कुठला न्याय? सकाळी मळ्याच्या बांधावरून पूर्ण फेरी मारून आणा, पाइपलाइन तपासायला जाताना बरोबर न्या, वस्तू हुंगून शोधायला लावा. काम मिळालेला कुत्रा निम्मे प्रश्न आपणहून सोडवतो. आज्ञा थोड्या ठेवा.

निवृत्त फौजी, चोपडा

साक्रीकर भाऊंशी मी निम्माच सहमत आहे. मेंढरांच्या कुत्र्याला मोकळे माळरान असते आणि त्याच्या पिढ्या तिथेच निवडल्या गेलेल्या असतात. रावेरच्या मळ्यात रोज वेगळी माणसे येतात, तिथे हाकेला परतणारा कुत्राच हवा.

सैन्यातली कुत्री मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. माझे स्वतःचे काम वेगळे होते, तरी आमच्या तुकडीबरोबर श्वानपथक असे, त्यामुळे जवळून पाहता आले. एका कुत्र्याला एक ठरलेला जवान असतो आणि चारापाणी, खरारा, सराव सर्व त्याच्याच हाताने होते. बाहेरच्या माणसाला वाटते की तिथे कडक शिक्षेवर काम चालत असेल. प्रत्यक्षात स्फोटके हुंगणारा कुत्रा वास सापडला की जवानाच्या तोंडाकडे पाहत बसतो, कारण आता चेंडू मिळणार हे त्याला ठाऊक असते. तेव्हा बक्षीस घेणारा कुत्रा कच्चा असतो हे म्हणणे मला पटत नाही. मात्र जवानाचा आवाज, हाताची खूण आणि वेळ यांत तसूभरही फरक पडत नाही. आपल्याकडे आजी 'बठ' म्हणते, नातू 'सिट' म्हणतो, बाप नुसते बोट दाखवतो, आणि वर तक्रार अशी की कुत्रा हट्टी आहे.

जुना जाणकार, भुसावळ

एवढा काथ्याकूट कशासाठी चालला आहे ते मला समजत नाही. आमच्या लहानपणी दोन फटके देत आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवत. कुत्रे सरळ राहत असे.

तापीतीर, जळगाव

काका, ते कुत्रे सरळ राहत होते की साखळीच्या टप्प्याबाहेरच्या माणसापर्यंत त्याला पोहोचता येत नव्हते, एवढाच माझा प्रश्न आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ नुसार मारहाण करणे हा गुन्हा आहे, आणि जनावराला अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कायम बांधलेला कुत्रा समोरून जाणाऱ्या प्रत्येकावर नुसता चवताळत राहतो, आणि ज्या दिवशी कडी निसटते त्या दिवशी काय होते ते गावागावांत लोकांनी पाहिलेले आहे.

पशुवैद्यक, धुळे

नेतृत्व की बक्षीस, हा वाद आपण चालू ठेवावा. त्याआधी पाहण्याच्या काही गोष्टी सांगतो.

दहा महिन्यांचा रॉटवायलर एकाएकी चिडका झाला किंवा बसायला टाळाटाळ करू लागला, तर प्रथम सांधे तपासून घ्यावेत. या जातीत खुब्याच्या आणि पुढच्या पायाच्या कोपराच्या सांध्यांची सदोष वाढ बरीच आढळते आणि वाढत्या वयातच तिचे दुखणे सुरू होऊ शकते. ज्याला बसताना कळ येते त्याच्यापुढे तुम्ही कितीही शांत आणि ठाम उभे राहिलात, तरी तो आज्ञा मोडणारच.

दुसरे, गुरगुरण्याला शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना असते; ती दाबली तर मनातली भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो. तोंडातली वस्तू हिसकावून न घेता, तिच्याहून आवडती वस्तू देऊन सोडवावी. यात मालकाचा कमीपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्या बोटांचे टाके मी नाही तर शेजारच्या इमारतीतले डॉक्टर घालतात.

तिसरे, आपल्याकडचे ऊन. रावेर-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हा काळ्या कातडीचा, जाड बांध्याचा कुत्रा आहे. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला काही शिकवता येत नाही, उलट उष्माघाताने तो दगावू शकतो. उन्हाळ्यात सराव पहाटेच उरकावा आणि तोही थोडा थोडा.

मजुरांचा प्रश्न मात्र मी यांत सर्वांत गंभीर मानतो. त्यांना तिथून निघून जाण्याची सोय नसते, ते पोटासाठी आलेले असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. गाडी भरली जात असताना भीमा बंद आवारात असावा. सोबतीला जाळीच्या मुसक्याची सवय खाऊ देऊन हळूहळू लावावी. जाळी अशी हवी की तिच्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील. रेबीजची लस आणि तिचा वार्षिक डोस चुकवू नये, हे सांगायला नकोच.

केळीमळा, रावेर

डॉक्टरसाहेब, सांध्यांची तपासणी या आठवड्यातच करून घेतो, आणि गाडीच्या वेळी भीमा मागच्या आवारात राहील. म्होरक्याबद्दलचे माझे मत अजून बदललेले नाही. फौजी भाऊंनी जे सांगितले, की आवाजात आणि वेळेत तसूभर फरक नको, ते मला नेतृत्वाचेच दुसरे वर्णन वाटते.

आता एक अडचण सर्वांपुढे ठेवतो, जिच्यावर आपल्यापैकी कोणाच्याच मांडणीत उत्तर आले नाही. आमचे आबा जेवायला बसले की आपल्या ताटातली कळण्याची भाकरी भीमाला टाकतात. मी मना केले की दोन दिवस टाकत नाहीत, तिसऱ्या दिवशी टाकतात. परिणामी भीमा प्रत्येक जेवणाला आबांच्या गुडघ्याला धडका देत उभा असतो. घरात आबांना आज्ञा देणारा अजून जन्मलेला नाही.

सूनबाई, पारोळा

भाऊ, मी ही चर्चा नुसती वाचत होते, पण घरातल्या कुत्र्याला खायला घालणारे हात बहुतेक वेळा चर्चा करणाऱ्यांचे नसतात, म्हणून लिहिते.

रोज भाकरी मिळाली असती आणि एक दिवस कायमची बंद झाली असती, तर भीमा काही दिवस जास्त धडका देऊन मग थांबला असता. कधी मिळते, कधी मिळत नाही, यामुळेच ती सवय चिवट होते. अधूनमधून फळणारी सवय सुटायला सर्वांत अवघड जाते. आपण मना करता आणि आबा तिसऱ्या दिवशी पाघळतात, यातून तुम्ही दोघे मिळून त्याला धीर धरून धडका द्यायला शिकवत आहात.

आबांना मनाई करू नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांचे तरी दुसरे काय चालते या वयात. त्याऐवजी जेवणाआधी ओसरीच्या कोपऱ्यात भीमासाठी गोणपाट टाका आणि लहान दोरीने त्याला तिथे अडकवा, म्हणजे तो गुडघ्यापर्यंत पोहोचणार नाही. भाकरी त्याच्या रोजच्या खाण्यातूनच वेगळी काढून आबांच्या हाताशी ठेवा, बिनतिखटाची, कांदा-लसणाचा हात न लागलेली, कारण हे दोन्ही कुत्र्याला बाधतात. भीमा गोणपाटावर शांत बसला की आबांनी स्वतः उठून तिथे तुकडा द्यावा. उठणे जमत नसेल तर नातवाच्या हाती पाठवावा. ताटाजवळ मात्र काही नाही. सुरुवातीला तो ओरडेल आणि आधीपेक्षा जास्त ओरडेल, तेव्हा कोणीही त्याच्याकडे बघू नये.

आमच्या सासूबाईंच्या बाबतीत हे जमले, कारण त्यांचे देणे बंद केले नाही, देण्याची जागा बदलली. आपल्याकडे मात्र हे आबांना सांगायचे कोणी, हे आधी ठरवा. मुलाने सांगितले तर तो हुकूम होतो. नातवाने सांगितले तर बहुधा चालते.