जुना फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारा) पिकअप घरी दुरुस्त करून पुन्हा उभा करता येत नाही म्हणे!

बारातेरा
काल दुसऱ्या धाग्यावर एका सदस्यांनी ठणकावून लिहिलं: "घरच्या शेडमध्ये जुना फोर-बाय-फोर पिकअप उघडणारा माणूस गाडी वाचवत नाही, तिचं भंगार करतो. वर्कशॉपला द्या, नाहीतर नादी लागू नका." तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, घरी उघडता येईल अशी गाडी कुठली असेल तर ती हीच. लॅडर चासी (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), तिच्यावर रबरी माउंटवर बसवलेली केबिन, मागे बोल्टांवर उभी असलेली लोड बॉडी. लोड बॉडीचे बोल्ट सोडवा, चार माणसं बोलवा, बॉडी उचलून बाजूला ठेवा. टाकी, ब्रेकचे पाइप, पाटे (लीफ स्प्रिंग), शॅकल (पाट्याची हलती कडी), मागचा अर्धा चासी, सगळं समोर. टोयोटाच्या हायलक्स पिकअपला १९७९ मध्ये फोर-व्हील ड्राइव्ह मिळाला, तेव्हाचा पुढचा अ‍ॅक्सल सलग, पुढेही पाटेच, वर कार्ब्युरेटर. त्यात कॉम्प्युटर नावाची चीज नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने सुटतं.

लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे. आधी रंगाची स्वप्नं, मग सगळी गाडी एकदम उघडायची, मग डबे भरून नट-बोल्ट आणि कुठला कुठे हे कोणालाच आठवत नाही. क्रम असा हवा: चासी, ब्रेक, स्टिअरिंग. मग इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). मग वायरिंग. पत्रा आणि रंग सगळ्यात शेवटी. एक असेंब्ली उघडा, पूर्ण करा, बंद करा, मगच पुढची. गाडी शक्य तितका वेळ स्वतःच्या चाकांवर ढकलता आली पाहिजे.

आणि वर्कशॉपचं कौतुक मला सांगू नका. पुढच्या अ‍ॅक्सलचा नकल (चाक ज्यावर वळतं तो सांधा) उघडलात की आतलं ग्रीस काळं, पातळ, रश्शासारखं झालेलं दिसतं. म्हणजे आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचं) ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. ते नीट करायचं तर हब उतरवा, सगळं धुऊन काढा, नवं सील, नकल ज्यावर फिरतो त्या किंगपिनचे बेअरिंग, मग नकल आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं आणि फिरायला किती जोर लागतो ते बघत शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करायचे. माझ्या गाडीला एका वर्कशॉपने बाहेरचा फेल्ट बदलला, वरून पुसून दिलं आणि "झालं" म्हणाले. गळती आतून चालूच. हे काम जीव ओतून करणारा माणूस गाडीचा मालकच असतो.

लोखंडी
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही.

नकलबद्दल लिहिलंत ते बरोबर. पण चासी तुम्ही एका शब्दात उरकलात. "चासी, ब्रेक, स्टिअरिंग" म्हणे! बॉक्स सेक्शनची, म्हणजे पोकळ चौकोनी लोखंडाची चासी आतून गंजते. चिखल आणि पाणी आत जाऊन बसतं, बाहेरचा रंग शाबूत, आणि एक दिवस स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. अमेरिकेत १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपसाठी टोयोटाला २००८ मध्ये गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवावी लागली. कित्येक गाड्या तर दुरुस्त न करता परत विकत घेतल्या. सगळी यंत्रणा हाताशी असलेली कंपनी जिथे ठिगळ लावत बसली नाही, तिथे तुम्ही घरच्या वेल्डिंग मशीनवर काय करणार आहात?

वायरवाली
माझी तक्रार दोघांबद्दल नाही, व्हिडिओंबद्दल आहे. वीस मिनिटांत गंजका सांगाडा चकाचक. बोल्ट सुटताना दाखवतात, तुटताना दाखवत नाहीत. तुटलेला बोल्ट मधोमध पंच करून, उलट्या फिरकीच्या ड्रिलने काढण्यात अख्खी दुपार जाते, ती कापून टाकलेली असते. ते बघून लोक गाडी आणतात आणि पावसाळ्यापर्यंत ती ताडपत्रीखाली जाते.

आणि बारातेरा, तुमच्या क्रमात एक भर. चासी रंगवताना अर्थिंगच्या जागा आधी झाका. माझ्याकडे "वायरिंग जळालंय" म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा वायरिंग ठणठणीत असतं, फक्त इंजिन ते चासी आणि चासी ते केबिन या पट्ट्यांखाली कोणीतरी मन लावून रंग फासलेला असतो. दिवे मंद, इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट मिणमिणतो, काटे नाचतात. पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बदलायच्या आधी त्या चार जागा घासून बघा.

मूळरूप
धाग्यात एक मूलभूत गोष्ट कोणी बोललंच नाही. रिस्टोअर म्हणजे गाडी होती तशी करणं. आजकाल मूळ कार्ब्युरेटर फेकून इंजेक्शन, उंच सस्पेन्शन, पुढे विंच, आणि वर लिहायचं "रिस्टोअर्ड". मूळ सुटे भाग दर वर्षी कमी होत चाललेत आणि ही मंडळी ते कचऱ्यात टाकतात. माझा जीव तुटतो हे बघून.

दरीखोरी
मूळरूप साहेब, गाडी चढावर नेलीय का कधी? तीव्र चढावर, आडव्या उतारावर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (साठ्याच्या कप्प्यातलं) पेट्रोल एका बाजूला जातं. इंजिन एकतर गुदमरतं नाहीतर उपाशी मरतं. माझी गाडी अशाच एका आडव्या उतारावर बंद पडली, खाली दरी, आणि ब्रेकचा बूस्टर इंजिन चालू असेपर्यंतच साथ देतो. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगड झालं. इंजेक्शन मी हौस म्हणून बसवलेलं नाही.

मूळरूप
फ्लोटची लेव्हल नीट लावली असती तर एवढं झालं नसतं. कार्ब्युरेटर येत नाही म्हणून कार्ब्युरेटर वाईट, ही कुठली रीत? त्याच कार्ब्युरेटरवर या गाड्या वाळवंटांतून आणि डोंगरांतून जगभर फिरल्या.

दरीखोरी
मग कंपनीची प्रत्येक गोष्ट पवित्र का? हायलक्सच्या २२ आर इंजिनाला सुरुवातीला दुहेरी टायमिंग चेन होती. नंतर कंपनीनेच ती एकेरी केली आणि प्लास्टिकचे गाइड (चेन जागेवर धरणाऱ्या पट्ट्या) घातले. ते प्लास्टिक म्हातारं होऊन तुटतं, सैल चेन टायमिंग कव्हरला आतून घासत राहते, आणि एक दिवस कव्हरला भोक पडून कूलंट थेट ऑइलमध्ये. थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड येते ती हीच. मी लोखंडी पाठीचे गाइड बसवले. हे तुमच्या शास्त्रात पाप असेल तर असो.

मूळरूप
पाप वगैरे शब्द माझ्या तोंडी घालू नका. ज्यांनी आयुष्यात एकही भाग जपून ठेवला नाही त्यांनी मला शास्त्र शिकवू नये. गाइडचं म्हणाल तर तो बदल मला चालतो, कारण तो परत फिरवता येतो आणि त्याने इंजिन वाचतं. काढलेला कार्ब्युरेटर पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवलाय की नाही, तेवढं सांगा.

दरीखोरी
ठेवलाय. वरच्या फळीवर. तुम्ही सांगितलं म्हणून नाही.

लोखंडी
कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन हवं तर नवीन धाग्यावर न्या! इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. चासी तुटली तर माणसं जातात.

माझ्या शेजाऱ्यांनी असाच एक "घरी प्रेमाने उभा केलेला" पिकअप घेतला. चासीवर काळं अंडरकोट, नव्यासारखं. मागच्या पाट्याचा हँगर (पाटा चासीला धरणारा कंस) जिथे बसतो तिथे गंजलेल्या पत्र्यावरच पातळ पत्र्याचं ठिगळ, त्यावर पुट्टी, त्यावर अंडरकोट. माल भरलेला असताना वळणावर हँगर फाटून निघाला, मागचा अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकला आणि गाडी आपोआप कडेला वळली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज ते बोलतायत. ते ठिगळ लावणाराही प्रेमानेच लावत असणार.

बारातेरा
लोखंडी, तो किस्सा वाचून मलाही संताप आला. पण ते घरी काम केल्याचं फळ नाही, लबाडीचं आहे. ती वर्कशॉपमध्येही होते.

मी चासी कशी बघतो ते लिहितो. आधी सगळा चिखल आणि जुनं अंडरकोट खरवडून काढायचं. मग हातोडीने पूर्ण रेल (चासीची लांब तुळई) ठोकत जायचं: चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. शंका येईल तिथे टोच्या. रेलला मुळातच भोकं असतात, त्यातून छोटा कॅमेरा आत घालायचा. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि क्रॉस मेंबरचे सांधे दोनदा बघायचे. कापायच्या आधी गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची, नुसत्या जॅकवर कधीच नाही. ओळंबा सोडून बॉडी माउंटच्या जागा जमिनीवर उतरवायच्या आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चासी आधीच वाकडी आहे. मग वेल्डिंगचे टाके मारून तात्पुरते आधार बांधून घ्यायचे आणि मगच ग्राइंडर.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची, टाकी उतरवायची. आणि हे ठळक वाचा: क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. प्लेटची टोकं सरळ उभी कापायची नाहीत, निमुळती ठेवायची, नाहीतर रेल नेमका त्याच रेषेत तडकतो.

लोखंडी
कर्ण मोजता हे वाचून बरं वाटलं. इथे गाड्या दाखवणाऱ्यांपैकी फार थोडे मोजतात.

पण टाका आत किती गेला हे डोळ्यांना दिसत नाही. लहान मशीनचा टाका जाड लोखंडावर वरून देखणा दिसतो आणि आत नुसता चिकटलेला असतो. तेवढ्याच जाडीच्या लोखंडाचे दोन तुकडे जोडा, व्हाइसमध्ये पकडा, घणाने वाकवा. टाक्यातून सुटलं तर तुमचा हात अजून चासीवर पडता कामा नये. ही चाचणी केल्याशिवाय हँगरजवळ गेलात तर माझा विरोध कायम.

फवारा
चासीच्या भांडणात घरातल्या माणसांचं काय? तुम्ही सगळे "रंग शेवटी" म्हणून मोकळे होता. हार्डनरवाला टू-के रंग घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतं. कोळशाच्या साध्या मास्कवर भरवसा ठेवता येत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. एकदा फुफ्फुसांना त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उसळतो. मी ज्याच्या हाताखाली फवारणी शिकलो त्यांना पन्नाशीच्या आत धंदा सोडावा लागला. जिना चढताना मध्ये बसत.

तसंच जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका, पाण्याने घासा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रम उघडून कंप्रेसरने फुंकर मारायची सवय सोडा. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

बारातेरा
फवारा, मान्य. पत्रा तयार करेन घरी, फवारणी बूथमध्ये. चासीला मात्र इपॉक्सी प्रायमर ब्रशने, उघड्यावर, हातमोजे आणि मास्क लावून, आणि आतल्या पोकळीत लांब नळीने मेण. यावर तरी भांडू नका.

लोखंडी, तुकड्यांची चाचणी मी करतोच. तरी हँगर आणि स्टिअरिंग बॉक्स या दोन जागांसाठी धंद्यातला वेल्डर शेडमध्ये बोलवायला माझी ना नाही. मोजमाप, कापणी, प्लेटा सगळं मी तयार ठेवेन, टाका तो मारेल. गाडी घरीच राहील.

लोखंडी
एवढं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी निम्मंच लिहिलं असतं.

नवखा
सगळं वाचलं. रविवारी एक जुना फोर-बाय-फोर पिकअप बघायला जातोय. काय काय बघू?

दरीखोरी
फोर-व्हील कच्च्या मातीवर टाकून बघ, डांबरावर नाही. मध्ये डिफरन्शियल नसतं, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. आधी उतरून पुढचे दोन्ही हब हाताने लॉक कर. फिरतच नसतील तर पुढचा अ‍ॅक्सल कित्येक वर्षांत कोणी वापरलेला नाही असं समज आणि भाव पाड.

मूळरूप
मूळ कार्ब्युरेटर आहे का बघा. मालकाने काढून ठेवला असेल तर तोही मागून घ्या.

लोखंडी
पत्र्यावर चुंबक फिरवा, जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे. चासीला चुंबक पुरत नाही, सडका पत्राही चुंबक धरतो. हातोडी न्या आणि मागच्या हँगरपासून ठोकायला सुरुवात करा. मालक ठोकू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.